उमेदवार कोणाचा?

लोकशाहीत निवड मतदार करतो, असे आपण शाळेत शिकलो. बंगळूरच्या शिवाजीनगरात डिसेंबर २०१९ मध्ये झालेली पोटनिवडणूक आठवली, म्हणजे या वाक्याविषयी शंका येऊ लागते. रोशन बेग यांनी काँग्रेसच्या आमदारकीचा राजीनामा दिला. पुढे ते अपात्र ठरले. सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्यासह सर्व अपात्र आमदारांना निवडणूक लढविण्याची मुभा दिली. त्यांतील बहुतेकांना भारतीय जनता पक्षाने उमेदवारी दिली. येथे मात्र ती एम. शरवण यांना मिळाली. बेग रिंगणाबाहेर राहिले, काँग्रेसचे रिझवान अर्शद विजयी झाले. कौल मतदारांनी दिला हे खरे. परंतु तो कोणाकोणामधून द्यायचा, हे आधीच ठरले होते.

कायदाही पक्षाचा शब्द वजनदार मानतो. मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला मतदारसंघातला एक सूचक पुरतो. अपक्षाला दहा लागतात. पक्षाच्या ‘बी’ फॉर्मवरील सही शाईचीच हवी, रबरी शिक्का चालत नाही. ती कोणत्या विचाराने केली, हे मात्र कोणी विचारीत नाही.

पक्षाला हा हक्कच नसावा, असे मी म्हणत नाही. ज्याचे चिन्ह, त्याने माणूस पारखून घ्यावा, हे न्याय्यच आहे. पण मूठभरांच्या पारखीने इतरांची मने बांधली जातात काय? याच शहरात जुलै १९६९ मध्ये काँग्रेसच्या संसदीय मंडळाने राष्ट्रपतिपदासाठी संजीव रेड्डींचे नाव बहुमताने ठरविले. यशवंतराव चव्हाणांचे मतही त्यांनाच पडले. पंतप्रधान इंदिरा गांधी अल्पमतात गेल्या. ऑगस्टमध्ये निवडून आले ते अपक्ष व्ही. व्ही. गिरी, आणि नोव्हेंबरात पक्ष दुभंगला. ज्यांनी निर्णय पाळायचा, त्यांना विश्वासात घेतले नाही, तर बहुमतही तोकडे पडते.

मतदान गुप्त असते, ते दुर्बळाला सबळाचे भय वाटू नये म्हणून. उमेदवारीची खलबतेही गुप्तच. पण तेथे गुप्ततेचे छत्र सबळाच्याच डोक्यावर असते.

आपण सरकारी नोकर. १९६४ च्या वर्तणूक नियमांनी आपणांस पक्ष वर्ज्य. मत द्यावे, पण कोणाला ते सांगू नये. हे बंधन मला योग्यच वाटते. तथापि त्यामुळे निवडीचा पूर्वार्ध आपल्याला कायमचा परका झाला आहे. साध्या कारकुनालाही टिपण लिहिल्यावाचून फाइल पुढे सरकविता येत नाही. ज्या निर्णयातून राज्यकर्ता जन्मतो, त्याच्या फाइलीवर कारणांच्या दोन ओळी असाव्यात, ही अपेक्षा अवाजवी आहे काय?