नेता, नीती आणि मधली पायरी

संस्कृतात ‘नी’ असा एक धातू आहे. नेणे, पुढे घेऊन जाणे, हा त्याचा अर्थ. याच धातूपासून ‘नेता’ आणि ‘नायक’ हे शब्द निघाले, ‘नय’ आणि ‘नीती’ निघाले, ‘विनय’ निघाला आणि ‘अभिनय’ही निघाला. ही सारी एकाच कुळातील भावंडे होत. अलीकडे संगणक व तंत्रज्ञानाच्या कंपन्यांतून मधल्या श्रेणीतील अधिकाऱ्यांसाठी नेतृत्वविकासाची शिबिरे भरतात. त्यांविषयी ऐकताना माझ्या मनात नेहमी एक शंका येते. या शिबिरांतून नेत्याला नीतीची ओळख करून दिली जाते की अभिनयाची? प्रस्तुत लेखाचा विषय हाच प्रश्न आहे.

आपल्या मंडळाच्या वाचकांना हा विषय दूरचा वाटू नये. भरवेली, बालाघाट, वारासिवनी, कटंगी, लांजी या टापूत भोसल्यांच्या अमदानीपासून स्थिरावलेली आपली घराणी. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली, नागपूर एका राज्यात गेले आणि आपण दुसऱ्या राज्यात राहिलो. कोणाच्या घरी पटेलकी होती, कोणी वकिली केली, कोणी शाळेत शिकविले, कोणी सरकारी नोकरीत वा मँगनीजच्या खाणीत आयुष्य घालविले. आता नातवंडे पुणे, हैदराबाद, बंगळूरू येथे आहेत. तिशी-पस्तिशीत ती ‘टीम लीड’ किंवा ‘प्रोजेक्ट मॅनेजर’ होतात. घरी पेढे वाटले जातात. मात्र पुढल्या दिवाळीला तोच मुलगा किंवा तीच मुलगी घरी येते तेव्हा फोन कानाला लावून अंगणात फेऱ्या घालीत असते, आणि चेहऱ्यावरून झोप उडालेली दिसते. पगार वाढला, हुद्दा वाढला, तरी हा ताण कशाचा, हे वडीलधाऱ्यांना उमगत नाही.

हा ताण मधल्या पायरीचा आहे. कालपर्यंत स्वतःच्या बुद्धीने व हाताने जो उत्तम काम करीत होता, त्याला आज दहा-पंधरा जणांकडून काम करून घ्यावयाचे असते. चांगला प्रोग्राम लिहिणे ही एक विद्या आणि माणसे सांभाळणे ही सर्वस्वी दुसरी विद्या. लॉरेन्स पीटर याने १९६९ साली आपला सुप्रसिद्ध सिद्धान्त मांडला. त्याचा आशय असा की, श्रेणीबद्ध संस्थेत प्रत्येक जण बढती मिळत मिळत शेवटी अशा जागी जाऊन बसतो जेथील काम त्याला जमत नाही. ते पुस्तक विनोदाच्या अंगाने लिहिलेले असले तरी त्यातील विनोद बोचणारा आहे.

मग हे दुसरे काम शिकविता येते काय? येते, असे म्हणण्यास पुष्कळ आधार आहे. टाटा समूहाने पुण्यात १९६६ साली व्यवस्थापन प्रशिक्षण केंद्र स्थापन केले. १९८१ साली पुण्यातच जन्मलेल्या इन्फोसिसने २००१ मध्ये म्हैसूर येथे नेतृत्वासाठी स्वतंत्र संस्था काढली. गूगल कंपनीचा अनुभव तर विशेष बोलका आहे. २००२ च्या सुमारास तेथे अभियंत्यांवरील मधले व्यवस्थापक काढून टाकण्याचा प्रयोग झाला आणि तो काही महिन्यांतच गुंडाळावा लागला, कारण खर्चाच्या परताव्यापासून आपसातील भांडणापर्यंत प्रत्येक गोष्ट थेट वरिष्ठांच्या दाराशी येऊ लागली. पुढे त्याच कंपनीने उत्तम व्यवस्थापकाची लक्षणे शोधून काढली. पहिल्या आठ लक्षणांत ‘चांगला मार्गदर्शक असणे’ सर्वांत वर आणि तांत्रिक ज्ञान सर्वांत खाली आले. माणसाचे म्हणणे ऐकून घेणे, त्याच्या कामात पदोपदी लुडबूड न करणे, त्याच्या उन्नतीची काळजी वाहणे, या गोष्टी वरच्या क्रमांकावर होत्या. आपल्या आजीला हे निष्कर्ष वाचून दाखविले असते तर तिने विचारले असते, ‘यासाठी एवढा खटाटोप कशाला?’ परंतु आजीला जे ठाऊक होते ते पंचवीस वर्षांच्या अभियंत्याला ठाऊक असतेच असे नाही, म्हणून हा खटाटोपही व्यर्थ म्हणता येणार नाही.

मधल्या फळीचे महत्त्व आपल्या इतिहासाने फार पूर्वी ओळखले होते. कृष्णाजी अनंत सभासद याच्या बखरीत शिवछत्रपतींच्या घोडदळाची रचना दिली आहे. पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, पाच हवालदारांवर एक जुमलेदार, दहा जुमल्यांवर एक हजारी. या उतरंडीत हवालदार आणि जुमलेदार हे खरे सांधे. राज्याभिषेकाच्या सुमाराचे, चिपळूणजवळ छावणी करून राहिलेल्या लष्कराला लिहिलेले महाराजांचे पत्र प्रसिद्ध आहे. ते सेनापतीला उद्देशून नाही. ते जुमलेदार, हवालदार आणि कारकून यांना उद्देशून आहे. त्यात काय आहे? पावसाळ्यापुरता साठविलेला दाणागोटा जपून वापरा, तो आधीच संपविलात तर घोडी उपाशी मरतील; मग तुमचे लोक कुणब्यांच्या घरांतून दाणे, भाकरी, गवत, भाजी उचलू लागतील आणि रयतेला मोगल बरे वाटू लागतील. जळता दिवा तसाच ठेवू नका, उंदीर वात ओढून नेईल आणि गंजींना आग लागेल.

हे पत्र मला नेतृत्वशिक्षणाचा आदर्श पाठ वाटतो. त्यात उपदेशाचे अवडंबर नाही. काय करावे हे सांगितले आहे, का करावे हे सांगितले आहे, आणि न केल्यास कोणाचे कसे नुकसान होईल याची साखळी शेवटच्या कडीपर्यंत दाखविली आहे. त्या साखळीची शेवटची कडी रयत आहे, हे महत्त्वाचे. जुमलेदाराने आपल्या निष्काळजीपणाचा हिशेब धन्यापाशी द्यावयाचा, पण त्याची झळ पोहोचते कुणब्याला, हे धनी स्वतः त्याला समजावून देतो. नेत्याचा आणि नीतीचा संबंध तो हाच.

दुसरे उदाहरण आपल्या दाराशीच आहे. भरवेलीची खाण आशियातील सर्वांत मोठी भूमिगत मँगनीज खाण म्हणून ओळखली जाते. ज्या ब्रिटिश कंपनीचा प्रारंभ १८९६ साली झाला, तिच्या खाणी १९६२ मध्ये ‘मॅंगनीज ओर इंडिया लिमिटेड’कडे, म्हणजे आजच्या मॉइलकडे आल्या. खाणीच्या कारभारात व्यवस्थापक, सहायक व्यवस्थापक, फोरमन आणि मेट अशी उतरंड असते. १९६१ च्या धातुखाणविषयक नियमांनी प्रत्येकाची कर्तव्ये ठरवून दिली. त्यांतील मेट हा कामगारांच्या सर्वांत जवळचा. पाळीवर माणसे कामाला लागण्यापूर्वी जागा तपासावी, पहारीने छत ठोकून आवाज ऐकावा, आवाज पोकळ आला तर सैल दगड पाडून घ्यावा, आणि धोका दिसला तर माणसे तेथून हलवावीत, हे त्याचे काम. उत्पादनाचा आकडा कितीही मोठा असो, माणसे बाहेर काढण्यासाठी त्याला वरिष्ठांच्या होकाराची वाट पाहावी लागत नाही. हा अधिकार त्याच्या स्वभावातील धैर्यावर सोडलेला नाही. तो नियमात लिहिलेला आहे. शिवाय परीक्षा देऊन प्रमाणपत्र मिळविल्याखेरीज मेट होता येत नाही.

आता तंत्रज्ञानाच्या कंपनीतील मेटाकडे पाहू. मुदत अशक्य आहे, सहकारी रात्री जागून काढीत आहेत, तयार केलेल्या मालात दोष राहिला आहे, हे त्याला दिसते. त्यालाही छताचा पोकळ आवाज ऐकू येतो. परंतु काम थांबविण्याचा लिखित अधिकार त्याच्यापाशी बहुधा नसतो. जबाबदारी मात्र पूर्ण असते. जेथे अधिकाराविना जबाबदारी दिली जाते तेथे शिबिरे भरवून नेतृत्व उपजत नाही. उपजतो तो अभिनय. वरिष्ठांपुढे सर्व काही ठीक असल्याचा अभिनय आणि कनिष्ठांपुढे आपल्या हाती काही असल्याचा अभिनय.

हा अभिनय कोठवर जाऊ शकतो याचे भीषण उदाहरण १९८६ सालचे आहे. ‘चॅलेंजर’ या अमेरिकन अंतराळयानाच्या उड्डाणाच्या आदल्या रात्री, त्याचे अग्निबाण बनविणाऱ्या मॉर्टन थायोकॉल कंपनीत चर्चा झाली. थंडीमुळे जोडावरील रबरी कडी नीट काम करणार नाही, असे रॉजर बोइसजोली व त्याचे सहकारी अभियंते सांगत होते. अभियांत्रिकीचा प्रमुख बॉब लंड हा प्रथम त्यांच्या बाजूने होता. तेव्हा त्याच्या वरिष्ठाने त्याला अभियंत्याची टोपी काढून व्यवस्थापकाची टोपी घालण्यास सांगितले. त्याने मत बदलले. २८ जानेवारीला उड्डाणानंतर ७३ सेकंदांत यान नष्ट झाले आणि सातही अंतराळवीर मृत्युमुखी पडले. लंडपाशी ज्ञानाची उणीव नव्हती, अनुभवाचीही नव्हती. एका माणसाला दोन टोप्या असतात आणि एक घालताना दुसरी काढावी लागते, हे त्याने त्या रात्री मान्य केले, तेथे घात झाला.

येथे कोणी म्हणेल, निवृत्तिवेतन घेणाऱ्याने धैर्याच्या गोष्टी सांगणे सोपे आहे. त्या मुलाच्या डोक्यावर घराचा हप्ता आहे, मुलांची शाळा आहे. हा आक्षेप खरा आहे. २०२५ च्या जुलैत टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसने सुमारे दोन टक्के, म्हणजे बारा हजारांहून अधिक नोकऱ्या कमी करण्याचे जाहीर केले, आणि त्यांत भर मधल्या व वरच्या श्रेणींवर होता. ज्याची स्वतःची पायरीच डळमळीत आहे त्याने इतरांसाठी उभे राहावे, ही अपेक्षा क्रूर वाटेल. भीष्मासारखा समर्थही भर सभेत आपला धर्म निभावू शकला नाही. परंतु त्याच सभेत विदुरही होता. त्याच्यापाशी सत्ता नव्हती, सैन्य नव्हते. तो अन्याय थांबवू शकला नाही, पण त्याला न्याय म्हणण्यास त्याने नकार दिला. मधल्या माणसाकडून एवढीच अपेक्षा करावी, असे मला वाटते. त्याने बलिदान करावे असे नव्हे. पोकळ आवाजाला भरीव म्हणू नये, इतकेच.

आणि हे ‘इतकेच’ साधण्यासाठी शासनव्यवहारात एक जुनी सोय आहे. तिच्याकडे खाजगी कंपन्यांनी आदराने पाहावे. सरकारी दिरंगाईची थट्टा सर्वांनी केली आहे, आणि ती अस्थानी नाही. पण नस्तीवरील टिपणी ही मोठी शहाणपणाची वस्तू होय. कनिष्ठ आपले मत लिहितो, खाली सही करतो. वरिष्ठाला ते पटले नाही तर त्यालाही कारण लिहून सही करावी लागते. एका टंचाईच्या वर्षी पीकपाहणीचे आकडे जरा ‘बरे’ दाखवावेत, असे वरून तोंडी सुचविले गेले होते. एका राजस्व निरीक्षकाने वाद घातला नाही. कोणत्या गावी, कोणत्या दिवशी, किती शेते पाहिली आणि काय आढळले, एवढेच त्याने टिपणीत लिहिले. त्या कागदावर उलट शेरा लिहिण्यास कोणी धजले नाही आणि आकडे तसेच वर गेले. तो निरीक्षक शूर होता की नाही, कोण जाणे. त्याच्या हाती कागद होता, आणि कागदाने त्याला पुरेसे शूर केले. कंपनीतील बहुतेक निर्णय आज फोनवर आणि पडद्यावरील बैठकीत होतात. ‘मी असे म्हटले होते’ याला पुरावा उरत नाही. मतभेदाला मानाने नोंदविण्याची जागा देणे, हे नेतृत्वविकासाचे पहिले काम ठरावे.

यावरून मधल्या फळीचे शिक्षण कसे असावे, याचा अंदाज येईल. ऐकणे, समजावणे, काम वाटून देणे ही कौशल्ये शिकवावीत, अवश्य शिकवावीत. त्याआधी ज्याला माणसांचे काम मनापासून आवडत नाही अशा उत्तम अभियंत्याला व्यवस्थापक न होताही मोठे होण्याची वाट असावी. नव्या माणसावर प्रथम दोघा-तिघांचा भार टाकावा आणि एखादा जुना, जाणता माणूस त्याच्या बाजूला ठेवावा, जसा नवा मेट जुन्या मेटाबरोबर पाळी करून छताचा आवाज ओळखू लागतो. आणि शेवटी, काम थांबविण्याचा काहीएक अधिकार त्याला लिहून द्यावा. हे शेवटचे कलम सर्वांत कठीण आहे, कारण त्यात शिकावयाचे असते ते वरच्या पायरीवरच्यांनी.

आपल्या घरातील मुलांना मात्र कंपनीची वाट न पाहता एक गोष्ट आपण सांगू शकतो. बढतीचे पेढे खाताना ‘हाताखाली किती माणसे?’ असे आपण कौतुकाने विचारतो. त्याऐवजी ‘तुझ्या भरवशावर किती माणसे?’ असे विचारावे. प्रश्न बदलला की उत्तर देणाऱ्याची स्वतःविषयीची कल्पनाही हळूहळू बदलते. नेणारा तो नेता हे खरेच; परंतु कोठे नेतो आणि कोणाला मागे टाकून नेतो, हे विचारल्यावाचून त्या धातूचा अर्थ पुरा होत नाही.