अढाई द्वीपाचा पट: दुसऱ्या जगातली माणसे

माणसांची वस्ती विश्वात कुठवर आहे, हे दाखवणारा जैनांचा रंगीत कापडी नकाशा म्हणजे अढाई द्वीपाचा पट. पंधराव्या शतकापासून असे पट मुख्यतः गुजरात-राजस्थानात रंगवले गेले; पण शहापूर-आसनगावच्या मानस मंदिरात दर्शनाला येणाऱ्या भाविकांचे विश्वही तेच. मधोमध मेरू, भोवती एक लाख योजने व्यासाचे जंबूद्वीप, मग लवणसमुद्र, धातकीखंड, कालोदधी समुद्र आणि पुष्करद्वीपाचा आतला अर्धा भाग, अशी ही अडीच द्वीपे. समुद्राच्या निळ्या कड्यांत मासे फिरतात, मधूनच एखादा माणूस पोहताना दिसतो. काठाशी मानुषोत्तर पर्वत. त्यापलीकडे पशुपक्षी आहेत, माणूस जन्मत नाही.

या क्षेत्रावर 132 सूर्य आणि तेवढेच चंद्र फिरतात. सूर्य, चंद्र, ग्रह, नक्षत्रे, तारे ही सगळी ज्योतिष्क देवांची विमाने. तेव्हा पृथ्वीबाहेर जीव आहेत का, हा प्रश्न इथे पडतच नाही. विचारायचे ते एवढेच, की तिथून मोक्ष मिळतो का? आपण राहतो त्या भरतक्षेत्रात सध्या कालचक्राचा पाचवा आरा चालू आहे, त्यामुळे इथून कोणी थेट मुक्त होत नाही. महाविदेह या दुसऱ्या क्षेत्रात मात्र ती वाट कधीच बंद होत नाही. तीर्थंकर सीमंधर स्वामी आजही तिथे उपदेश करतात, अशी श्रद्धा आहे. श्रावक ईशान्येकडे तोंड करून त्यांना वंदन करतात. तिथे पोचायचे ते पुढच्या जन्मी.

महाविदेहातली माणसे पाचशे धनुष्ये उंच, तरी घडण आपलीच. 1972 मध्ये पायोनियर 10 या अवकाशयानावरून परग्रहवासीयांसाठी धाडलेल्या पत्र्यावरही लिंडा साल्झमन सेगन यांनी स्त्री-पुरुष काढले. पण ती आपली ओळख होती, पलीकडच्यांचे रूप नव्हे. ते रूप रंगवताना आजच्या अवकाशचित्रकाराच्या हातून बहुधा माणूसच थोडाफार वाकडातिकडा होऊन उतरतो, कारण कल्पनाच तिथे थकते. पटातला माणूस सिद्धांताने आलेला आहे. मोक्ष फक्त मनुष्यजन्मातच मिळतो; सूर्याच्या विमानातल्या देवालाही त्यासाठी आधी माणूस व्हावे लागते.

लोकाच्या म्हणजे विश्वाच्या माथ्यावरची, मुक्त जीवांची सिद्धशिला अर्धचंद्रासारखी रंगवतात. तिचा व्यास 45 लाख योजने, अढाई द्वीपाएवढाच. कारण मुक्त जीव जिथे देह सोडतो तिथून सरळ वर जातो.