सत्य लपविण्याचा अधिकार

हार्पर ली यांची ‘टु किल अ मॉकिंगबर्ड’ (१९६०) आणि मिल्ड्रेड टेलर यांची ‘रोल ऑफ थंडर, हिअर माय क्राय’ (१९७६) या दोन्ही कादंबऱ्यांचा काळ १९३० नंतरच्या मंदीचा. स्थळ अनुक्रमे अलाबामा आणि मिसिसिपी. दोन्हींत निवेदन लहान मुलीचे आहे. अन्यायाची जाणीव म्हणजे प्रौढत्व, असे या दोन्हींविषयी सहजपणे म्हटले जाते. परंतु दोन्ही कादंबऱ्यांचा शेवट सत्य उघड होण्यात नसून ते दडविण्यात आहे, याची पुरेशी दखल घेतली जात नाही.

ली यांच्या कादंबरीत टॉम रॉबिन्सनच्या बाजूचे सत्य भर न्यायालयात मांडले जाते आणि तरीही तो दोषी ठरतो. पुढे मुलांना वाचविताना बू रॅडलीच्या हातून बॉब यूएल मरतो, तेव्हा शेरिफ टेट हा अपघात असल्याचे ठरवून मोकळा होतो. आपल्या मुलासाठी लपवाछपवी नाकारणारा अ‍ॅटिकस बूसाठी ती स्वीकारतो. स्काउट या निर्णयाला मॉकिंगबर्डच्या प्रतिमेने संमती देते. ही प्रतिमा टॉम आणि बू यांना निष्पापतेच्या एका पातळीवर आणते खरी, पण त्यामुळेच एक भेद झाकला जातो. बू गोरा आहे. त्याच्यासाठी कायदा स्वतःच मौन पाळू शकतो. टॉमसाठी तसे मौन कोणाच्याही अधिकारात नव्हते. प्रतिमेचे सौंदर्य येथे नैतिक प्रश्नाला थोडे लवकरच शांत करते.

टेलर यांच्या कादंबरीत असा शेरिफ नाही. नऊ वर्षांच्या कॅसी लोगनला सत्तेचे स्वरूप प्रथम भेटते ते शाळेच्या पुस्तकात. गोऱ्या मुलांनी वापरून जीर्ण केलेली पुस्तके कृष्णवर्णीय मुलांना दिली जातात, आणि पुस्तकाच्या आतील तक्त्यात त्याची स्थिती व विद्यार्थ्याचा वंश शेजारीशेजारी नोंदलेला असतो. येथे सत्य छापील आहे, उघड आहे; त्याची कोणाला लाजही नाही. म्हणूनच शेवटच्या मौनाला वेगळे मोल येते. टी. जे.ला फासावर लटकवू पाहणारा जमाव पांगावा म्हणून कॅसीचा पिता आपल्याच कपाशीला आग लावतो. ज्या जमिनीवरील कर्जासाठी सारे कुटुंब झिजते, तिचेच पीक तो जाळतो. वीज पडल्याचा समज सर्वत्र पसरतो. कृष्णवर्णीय आणि गोरे खांद्याला खांदा लावून आग विझवतात. हे तात्पुरते ऐक्य अज्ञानावर उभे आहे, हे कादंबरी विसरू देत नाही.

कॅसीला हे कोणी समजावून सांगत नाही. स्टेसीशी बोलताना तिला उमगते आणि त्याच क्षणी हेही कळते, की ही गोष्ट भावंडांनी आपसांतही उच्चारायची नाही. आधीची कॅसी प्रत्येक अपमानाला मोठ्याने प्रश्न विचारते. येथे ती पहिल्यांदाच प्रश्न गिळते. याला प्रौढत्व म्हणावे की पराभव, हा पेच कादंबरी सोडवीत नाही, आणि हेच तिचे बळ आहे. स्काउटचे मौन सुरक्षिततेतून आलेले आहे, कॅसीचे धोक्यातून.

शिवाय या मौनाने वाचतो तो केवळ त्या रात्रीपुरता. १९८१ च्या ‘लेट द सर्कल बी अनब्रोकन’मध्ये टी. जे. गोऱ्या ज्यूरीसमोर उभा राहतो आणि त्याला मृत्युदंड होतो.