सैल कातडी, शस्त्रक्रिया आणि शरीराची अमानत



मधुमेह वा गुडघेदुखीमुळे एखादी भगिनी पुष्कळ वजन कमी करते. आजार आटोक्यात येतो. पण वर्षानुवर्षे ताणलेली कातडी पूर्ववत होत नाही, दंडाखाली झोळीसारखी लोंबते. व्यायामाने स्नायू बळकट होतो, जास्तीची कातडी मात्र आटत नाही. मग शस्त्रक्रियेचा विचार येतो आणि त्यापाठोपाठ प्रश्न: ही अल्लाहच्या निर्मितीत ढवळाढवळ तर नव्हे?

प्रश्न गंभीर आहे. माणसाला ईश्वरी निर्मितीत बदल करायला लावण्याची सैतानाची प्रतिज्ञा पवित्र कुरआनात, सूरह निसामध्ये (४:११९) आली आहे. निव्वळ सौंदर्यासाठी दातांत फटी पाडून घेणाऱ्या स्त्रियांचा हदीसमध्ये धिक्कार आहे. परंतु हजरत अर्फजा (रजि.) यांची हदीसही आपल्यासमोर आहे. लढाईत त्यांनी नाक गमावले. चांदीचे नाक बसविले, तर त्याला दुर्गंधी येऊ लागली. तेव्हा प्रेषितांनी (स.) त्यांना सोन्याचे नाक लावण्यास सांगितले. पुरुषाला सोने वर्ज्य असतानाही ही सवलत मिळाली, कारण व्यंगाची वेदना प्रेषितांनी (स.) क्षुल्लक मानली नाही.

म्हणून उलमांनी हानी दूर करणे आणि हौस भागविणे यांत भेद केला. आंतरराष्ट्रीय इस्लामी फिकह अकादमीने २००७ मध्ये मलेशियातील पुत्रजाया येथे हाच विवेक मांडला: शारीरिक वा मानसिक पीडा देणारे व्यंग, जन्मजात असो वा नंतर आलेले, दुरुस्त करता येते, केवळ लहरीखातर रूप पालटणे वैध नाही.

आता दंडाच्या कातडीकडे पाहू. घड्यांत घाम साचून वारंवार पुरळ उठत असेल, हालचालीस अडथळा होत असेल, तर ही गरज आहे. वयपरत्वे आलेली किंचित शिथिलता मात्र व्यंग नव्हे. ती आयुष्याची खूण आहे. शस्त्रक्रियेची किंमतही जाणून घ्या. काखेपासून कोपरापर्यंत कायमचा व्रण राहतो. जंतुसंसर्ग, सूज, बधिरता यांचा धोका असतो. एक हानी टाळताना तितकीच दुसरी ओढवून घेऊ नये, हे फिकहचे सूत्र आहे. व्याजी कर्ज काढून हे करणे तर एका शंकेपायी उघड हराम पत्करणे होय.

एक गोष्ट विचारात घ्या. आपल्या भगिनींचे दंड परक्यांसमोर झाकलेलेच असतात. मग ही लाज कोठून येते? पुष्कळदा ती घरातूनच येते: पतीच्या थट्टेतून, जावेच्या टोमण्यातून. सूरह हुजुरातमध्ये (४९:११) एकमेकांची चेष्टा करण्यास स्पष्ट मनाई आहे. जिथे जीभ आवरल्याने दुःख सरते, तिथे चाकूची गरज काय? आणि जिथे गरज खरी आहे, तिथे तिला नखरा म्हणून हिणविण्याचा अधिकार कोणाला आहे?

तेव्हा निर्णयापूर्वी जाणत्या डॉक्टरांना व विश्वासू आलिमांना विचारा; शक्यतो स्त्री शल्यविशारद निवडा. आणि आपल्या मनालाही विचारा: मी पीडेतून सुटू पाहते आहे, की आरशाला खूश करू पाहते आहे? नियत अल्लाह जाणतो.

अल्लाह आपल्याला शरीराची अमानत जपण्याची आणि दुसऱ्याच्या शरीराविषयी मर्यादेने बोलण्याची सद्बुद्धी देवो. आमीन.