शिंगे असलेला विक्रेता

१९८२ साली दिल्लीच्या आशियाई क्रीडास्पर्धांच्या निमित्ताने आपल्याकडे रंगीत दूरदर्शन आले आणि त्याच दशकात ओनिडा कंपनीच्या जाहिरातीत शिंगे-शेपटीवाला सैतान अवतरला. शेजाऱ्याला मत्सर, मालकाला अभिमान, हे त्याचे आश्वासन! सात प्रमुख पातकांपैकी दोन एकाच वाक्यात विक्रीस मांडणारा एवढा प्रामाणिक विक्रेता विरळाच.

पण जी वस्तू आपण घडविली नाही, तिचा अभिमान आपणांस का वाटावा? सुताराला आपल्या खुर्चीचा वाटतो, ते समजते. स्कॉटिश तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूम याने १७३९-४० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात याची उकल केली आहे. अभिमान उपजतो वस्तूमुळे, परंतु त्याचा रोख असतो 'मी'कडे. घर सुंदर आहे एवढे पुरत नाही, ते माझे असावे लागते. शिवाय ती वस्तू थोड्यांपाशीच असावी आणि इतरांच्या दृष्टीस पडावी. खोपटसारख्या दाट वस्तीत दृष्टीस पडायला कितीसा वेळ लागणार? मात्र पुढच्याच महिन्यात शेजारीही तीच वस्तू आणतो आणि आपल्या दिवाणखान्यातील तेज ओसरते. वस्तू तीच, चित्रही तितकेच स्वच्छ. उणे झाले ते काय?

तरीही या अभिमानाला सरसकट पाप म्हणणे मला अन्यायाचे वाटते. (असे म्हणणाऱ्यांच्या घरी बहुधा सर्व काही आधीच आलेले असते.) एके काळी बजाज स्कूटरसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. ती दारात उभी राही तेव्हा तिच्यासोबत पित्याच्या जादा पाळ्या आणि आईची काटकसर उभी असे. त्या कुटुंबाने स्कूटर घडविली नसेल, तिची किंमत मात्र घडविली होती. आज हप्त्यांवर वस्तू आधी येते, कष्ट मागाहून. अभिमान तेवढा आगाऊ मिळतो.

संत थॉमस अक्वायनस यांच्या मते आपल्या ठायीचे चांगले ओळखणे हे पाप नव्हे. गौरव पोकळ ठरतो तो क्षुल्लक गोष्टीसाठी, अथवा ज्यांच्या पारखेला अर्थ नाही अशांकडून, अथवा योग्य हेतूवाचून मिळवू पाहिल्यास. आपल्यात नव्या गाडीला आशीर्वाद देण्यासाठी फादरांना बोलावण्याची रीत आहे. पवित्र पाणी शिंपडले जात असता मालक हात जोडून उभा असतो, आणि त्याची नजर हळूच सज्जांकडे जाते, कोण कोण पाहत आहे ते मोजायला.