हिट गाण्यांतून सुटलेले अरणगाव

एखाद्या बँडची गाजलेली गाणी एका तबकडीवर एकत्र करून विकणे हा ध्वनिमुद्रिकांच्या धंद्यातला सर्वांत निर्धोक उद्योग. गाणी आधीच मुद्रित झालेली असतात, बाजाराने त्यांची परीक्षाही घेतलेली असते. कंपनीला खर्च येतो तो नव्या वेष्टनाचा. समीक्षक अशा संग्रहांकडे सहसा फिरकत नाहीत. पण सामान्य श्रोत्याच्या बाजूने पाहिले, तर त्याच्यापुरता हा संग्रह म्हणजेच तो बँड. साठच्या दशकातल्या लंडनच्या बँडांशी पुढच्या पिढ्यांची ओळख मुख्यतः याच दाराने झाली. तेव्हा असा संग्रह काय गाळतो, हा प्रश्न विचारायला हवा, आणि 'कमी चांगली गाणी' हे त्याचे उत्तर पुरेसे नाही. चांगली गाणी बहुधा संग्रहात येतातच. निसटते ती दिशा, म्हणजे माणसे कुठून निघाली, कुठे पोचली आणि का. याचा पुरावा लंडनमध्ये मिळतो, तसाच नगरहून दौंडकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या अरणगावातही मिळतो.

स्मॉल फेसेस हा बँड घ्या. 1965 साली लंडनच्या पूर्व भागातल्या कामगारवस्तीतली पोरे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचे सोल संगीत आपल्या घाईत, आपल्या आवाजात गाऊ लागली. पहिल्याच गाण्याचा साचा सॉलोमन बर्क या सोल गायकाकडून उचललेला होता. 'ऑल ऑर नथिंग' 1966 मध्ये इंग्लंडच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेले. 1967 मध्ये बँड डेका कंपनी सोडून इमिजिएटकडे गेला, तेव्हा डेकाने हाती उरलेली गाणी जमवून 'फ्रॉम द बिगिनिंग' हा संग्रह काढला. पुढच्या वर्षी 'लेझी संडे' हे गाणे बँडची इच्छा नसताना कंपनीने स्वतंत्रपणे बाजारात आणले. ते तुफान चालले आणि बँडची ओळख होऊन बसले. 1969 मध्ये बँड फुटला, तर त्याच वर्षी इमिजिएटने 'द ऑटम स्टोन' हा जोडसंग्रह काढला. ही कंपनी बुडाल्यावर गाणी या हातातून त्या हातात गेली, नवनवे संग्रह निघत राहिले, आणि ज्यांनी ती रचली त्यांना कित्येक वर्षे मानधन मिळाले नाही. हा सगळा तपशील पाहिला की 'हिट' ठरवणारा माणूस श्रोता असतो हा समज थोडा सैल होतो. कोणते गाणे एकटे बाजारात जायचे, हे आधी कंपनीच्या टेबलावर ठरते. श्रोता निवडतो, पण समोर मांडलेल्यातूनच.

या बँडचा कोणताही संग्रह उघडा, 'इचिकू पार्क' त्यात असणारच. 1967 च्या उन्हाळ्यातले, नशेच्या धुंदीकडे खट्याळपणे बोट दाखवणारे हे गाणे बास गिटार वाजवणारा रॉनी लेन आणि गायक स्टीव्ह मॅरियट यांच्या नावावर आहे, आणि मूळ कल्पना बरीचशी लेनची. संग्रहातला लेन या गाण्यापाशी कायमचा थांबतो. प्रत्यक्षातला लेन थोड्याच काळात अरणगावचे आध्यात्मिक गुरू मेहेरबाबा यांचा अनुयायी झाला, आणि मेहेरबाबा तर पाश्चात्त्य तरुणांना अमली पदार्थांपासून दूर राहायला सांगत होते. 'गॉड इन अ पिल?' ही त्यांची पुस्तिका 1966 ची. देव गोळीत सापडत नाही, हे त्यांचे म्हणणे. 1970 मध्ये फेसेस या नव्या बँडच्या पहिल्या तबकडीवर लेनने 'स्टोन' हे गाणे दिले. दगडापासून वनस्पती, प्राणी आणि माणसापर्यंतचा जिवाचा प्रवास हा त्याचा विषय, म्हणजे मेहेरबाबांनी 'गॉड स्पीक्स' मध्ये मांडलेला उत्क्रांतीचा क्रम, पण एका लंडनकराच्या थट्टेखोर लोकगीताच्या चालीत. 'इचिकू पार्क' ते 'स्टोन' हे अंतर तीन वर्षांचे. हिट गाण्यांच्या संग्रहात या अंतराला जागाच नाही.

मेहेरबाबा, म्हणजे मेरवान शहरियार इराणी, हे पुण्यात जन्मलेले, पण 1923 साली ते अरणगावजवळच्या पहिल्या महायुद्धकाळातल्या लष्करी छावणीच्या जागेत आले आणि तिथे मेहेराबाद उभे राहिले. 10 जुलै 1925 पासून त्यांनी मौन धरले, ते 31 जानेवारी 1969 रोजी पिंपळगावजवळच्या मेहेराझादला देह ठेवेपर्यंत. समाधी मेहेराबादच्या टेकडीवर आहे. गंमत अशी की या मौनी माणसाला गाणे अतिशय प्रिय होते, आणि केवळ कव्वाली-गझल नव्हे. कोल पोर्टरचे 'बिगिन द बिगीन' हे 1935 चे अमेरिकी नाचगाणे त्यांच्या इच्छेनुसार समाधीच्या वेळी वाजवले गेले. जिम रीव्हज या अमेरिकी गायकाचे विरहगीतही त्यांच्या आवडीचे. नगरच्या माळरानावर अमेरिकी बाजारगाणे भक्तिगीत म्हणून ऐकले जात होते, आणि त्याच सुमारास लंडनमध्ये बाजारगाणी रचणारी पोरे नगरकडे पाहत होती. गाणे बाजारात जन्मले म्हणून त्याचा अर्थ बाजारातच संपतो असे नाही, हे यातून दिसते. आणि माझा आक्षेप हिट गाण्यांवर नाही हेही इथेच स्पष्ट व्हावे.

आता द हू. हा बँडही सोलवरच वाढलेला: पहिल्या तबकडीत जेम्स ब्राउनची गाणी, दुसरीत डेट्रॉइटच्या मोटाउनचे 'हीट वेव्ह'. त्याचा गीतकार पीट टाउनशेंड मेहेरबाबांकडे वळला, आणि मे 1969 मध्ये, बाबांच्या देहत्यागानंतर चारच महिन्यांत, 'टॉमी' ही सलग कथा सांगणारी तबकडी आली. वेष्टनावर मेहेरबाबांचे नाव अवतार म्हणून छापलेले आहे. नायक ऐकत नाही, बोलत नाही, पाहत नाही. 1971 च्या अखेरीस निघालेल्या 'मीटी बीटी बिग अँड बाउन्सी' या हिट संग्रहात मात्र 'टॉमी'तून आले ते 'पिनबॉल विझर्ड'. हे गाणे कसे आले? निक कोन या समीक्षकाला तबकडी फार गंभीर वाटली. त्याला पिनबॉलचे वेड होते, म्हणून टाउनशेंडने नायकाला पिनबॉलचा उस्ताद केले. म्हणजे ज्या रचनेचा गाभा मौन आणि आंतरिक जागृती, तिच्यातून संग्रहात शिरले ते एका समीक्षकाच्या हौसेखातर आयत्या वेळी जोडलेले प्रकरण. गाणे झकास आहे, वाद नाही. पण केवळ तेवढेच ऐकणाऱ्याला 'टॉमी' ही एका खेळाडूची गंमतगोष्ट वाटली, तर दोष त्याचा नाही.

यावर पहिला आक्षेप वजनदार आहे. साठच्या दशकाच्या मध्यापर्यंत हे बँड सुटी गाणीच करत. तीन मिनिटांची एकेरी तबकडी हेच त्यांचे खरे माध्यम, मग त्या तबकड्या एकत्र करणारा संग्रह हाच सर्वांत प्रामाणिक दस्तऐवज नव्हे का? 1965–66 पुरते हे मान्य करावे लागते. 'मीटी बीटी' मधला बराच भाग त्या अर्थाने चोख आहे. टाउनशेंडने स्वतः 'रोलिंग स्टोन' मध्ये त्याचे परीक्षण लिहिले, ते उगाच नाही. पण 1967 नंतर माध्यम बदलले आणि संग्रहाने जुनेच माप चालू ठेवले. दुसरा आक्षेप असा की गाणे स्वयंपूर्ण असते, रचणाऱ्याची श्रद्धा हा त्याच्या चरित्राचा भाग. एकेका गाण्यापुरते खरे. पण संग्रहाचा दावा एका गाण्याचा नसतो, बँडभराचा असतो. जो सगळ्याचा सारांश म्हणून विकला जातो, त्याला सारांशाचे निकष लावणे गैर कसे? तिसरी शंका आपल्याच घरातली: यात नगरची शेखी मिरवणे नाही ना? रॉकचा उगम अरणगावात शोधण्याचा उद्योग हास्यास्पद ठरेल. संगीत लंडनचे आणि त्यामागे मेम्फिस-डेट्रॉइटचे. अरणगावातून गेली ती चाल नव्हे, कलाटणी.

शिवाय गाळण्याचा हा व्यवहार कंपन्यांचाच नाही. संगमनेरचा शाहीर अनंत फंदी आपल्या बहुतेकांना माहीत असतो तो शाळेच्या पुस्तकातल्या एका उपदेशपर फटक्यामुळे. त्याने तमाशाचा फड गाजवला, लावण्या रचल्या. खर्ड्याच्या लढाईवरचा पोवाडा त्याच्या नावावर आहे, 'माधवनिधन' हे काव्य आहे. अहिल्याबाई होळकरांच्या सांगण्यावरून तो तमाशा सोडून कीर्तनाकडे वळला, अशी आख्यायिका सांगितली जाते. ती खरी माना किंवा न माना. पण एका माणसाचे लावणीकडून उपदेशाकडे जाणे हाच त्याच्या कवितेचा रंजक भाग, आणि पाठ्यपुस्तक आपल्याला फक्त दुसरे टोक देते. लंडनचा बाजार उनाडपणा ठेवतो आणि वैराग्य गाळतो, आपली शिक्षणखाती नेमके उलटे करतात. नुकसान दोन्हीकडे सारखेच.

श्रोते कधीकधी बाजाराचे माप मोडतात, हेही नोंदवायला हवे. 'बाबा ओ'रायली' हे द हूचे 1971 चे गाणे ब्रिटन-अमेरिकेत एकेरी तबकडी म्हणून निघालेच नव्हते. तरी ते एवढे ऐकले गेले की 1996 च्या 'माय जनरेशन' या संग्रहात त्याला घ्यावेच लागले, पुढे एका अमेरिकी गुन्हेमालिकेचे शीर्षकगीतही झाले. नावातले बाबा म्हणजे मेहेरबाबा, रायली म्हणजे संगीतकार टेरी रायली. पुष्कळ चाहते मात्र ते गाणे ध्रुवपदातल्या शब्दांवरून भलत्याच नावाने ओळखतात, कारण संग्रह गाणे देतो, शेजार देत नाही.

शेजार देणारा संग्रह अशक्य नाही. 1970 मध्ये टाउनशेंड आणि मित्रांनी बाबांच्या जन्मदिनानिमित्त 'हॅपी बर्थडे' ही खासगी तबकडी काढली, तिच्यात 'बिगिन द बिगीन' होते; 1972 मध्ये 'आय ॲम' आली. त्याच वर्षी या दोन्हींतली काही गाणी आणि काही नवी घेऊन त्याने 'हू केम फर्स्ट' बाजारात आणली. म्हटले तर हाही निवडक संग्रहच. पण त्यात जिम रीव्हजचे ते विरहगीत आहे, बाबांच्या प्रार्थनेवर बेतलेले 'परवरदिगार' आहे, आणि रॉनी लेनचे 'स्टोन' 'इव्होल्यूशन' या नावाने पुन्हा आले आहे. ही गाणी निवडताना यादीतला क्रमांक हे माप नव्हते.