सोड

मोत्या गेला तो माझ्यामुळं. विष आम्ही उंदरांसाठी ठेवलं होतं, पण ते त्यानं गिळलं ते मला बघून.

गव्हाचं रान होतं. बांधाला उंदरांची बिळं झाली होती. भरडा शहाण्णव भाग, गोडेतेल दोन भाग आणि झिंक फॉस्फाइडची काळी पूड दोन भाग, असं कालवून आम्ही कागदात बांधून बिळात सारत होतो. त्यातली एक पुडी मोत्यानं उचलली. अजून ती नुसती दातात होती. मी "टाक! टाक!" करत, हातात काठी घेऊन त्याच्यावर धावलो. त्यानं माझ्याकडं बघितलं आणि कागदासकट पुडी गिळली.

तसं करायला त्याला मीच शिकवलं होतं. लहानपणापासून त्यानं चप्पल उचलली की पाठलाग, भाकरी पळवली की काठी, जबडा फाकवून काढून घेणं. त्यातनं तो एवढंच शिकला, की माणूस जवळ आलं की आपलं जातं. मग जाण्याआधी पोटात घातलेलं बरं. तालुक्याच्या गावी जनावरांच्या डॉक्टरकडं नेलं. पोटातल्या आम्लानं या पुडीचा विषारी वायू होतो आणि त्यावर उतारा नाही, असं ते म्हणाले. दिवस मावळायच्या आत मोत्या गेला.

पुढं दोनेक वर्षांनी कुणीतरी गुंड्याला आणून सोडलं. मूठभर जीव, आखूड पायांचा. दात यायचे दिवस, त्यामुळं दिसेल ते तोंडात. पायपुसणं, खराटा, पोरांच्या वह्या. एकदा त्यानं माझी चप्पल धरली आणि माझा हात आपसूक काठीकडं गेला.

त्या वर्षी रानात मेंढ्या बसवायला एक म्हातारा मेंढका आला होता. त्यानं ते बघितलं. म्हणाला, "गुरुजी, साळंत पोरांस्नी बी आसंच शिकवता व्हय?"

मी काही बोललो नाही.

"त्येच्या तोंडातलं घ्यायचं आसंल तर आदी तुमच्या हातात कायतरी पायजे. आन घेतल्यालं म्हागारी द्या. म्हंजे त्येला कळतं, ह्यो मानूस लुटत न्हाई."

मग मी त्याचं ऐकलं. सुरुवात फाटक्या चिंधीपासून केली, जिच्यावर त्याचा फार जीव नव्हता. तो चिंधी चावत बसला की सुक्या बोंबलाचा तुकडा त्याच्या नाकाशी धरायचा. बोंबील खायला तोंड उघडावंच लागतं. तोंड उघडलं की हळू आवाजात म्हणायचं, "सोड." तुकडा द्यायचा आणि चिंधीही परत द्यायची. दिवसातनं चार-पाच वेळा, तेही थोडा थोडा वेळ. आठवड्याभरानं शब्द आधी आणि तुकडा मागनं. मग चिंधीच्या जागी चप्पल, चप्पलेच्या जागी हाडूक. हाडूक सगळ्यात अवघड गेलं. पण तेही एकदा हातात घेऊन, बघून, परत त्याच्यापुढं ठेवलं, तेव्हा त्यानं शेपूट हलवली. पाठलाग करायचा नाही, जबड्याला हात घालायचा नाही आणि रागात तो शब्द उच्चारायचा नाही, एवढं पथ्य पाळलं. घरातल्या पोरांनाही पाळायला लावलं.

हे सगळं करताना एक गोष्ट मनात टोचत होती. उंदरांनाही आम्ही असंच फसवतो. जाणता शेतकरी पहिल्या दिवशी बिळात विष टाकत नाही. दोन-तीन दिवस नुसता तेल लावलेला भरडा ठेवतो. उंदीर संशयी जात. एकदा खाऊन काही झालं नाही की त्याचा विश्वास बसतो. मग पूड कालवायची. मी गुंड्याला बोंबील देतो आणि उंदराला भरडा देतो, यात फरक तो काय? दोन्हीकडं खाऊ घालून मी आपल्याला हवं ते करून घेतोय. काठीनं घेतलं तर जुलूम आणि तुकड्यानं घेतलं तर लबाडी, मग सरळ मार्ग कुठला?

याचं उत्तर मला गुंड्यानंच दिलं. पुन्हा गव्हाचेच दिवस होते. शेजारच्या रानात औषध टाकलं होतं. गुंड्या बांधावरून येत होता आणि त्याच्या तोंडात मेलेला उंदीर होता. माझ्या पोटात गोळा आला. खिसा चाचपला, रिकामा. धावलो तर मोत्याची गत. मी जागेवर खाली बसलो, रिकामाच हात पुढं केला आणि जमेल तेवढ्या हळू म्हणालो, "सोड."

तो थांबला. माझ्या हाताकडं बघितलं. हातात काही नाही हे त्याला दिसत होतं. तरी त्यानं उंदीर खाली ठेवला.

उंदीर पुरला आणि त्याला कडेवर घेऊन मी घराकडं पळत सुटलो. दूध-भाकरी कुस्करून त्याच्यापुढं ठेवली, तेव्हा कुठं माझा श्वास खाली बसला. भरड्यात आणि बोंबलात काय फरक, ते तेव्हा कळलं. मी त्याच्याकडून घेतलं ते त्याच्या जिवासाठी आणि त्याचं देणं मी त्याच दिवशी फेडलं. उंदराचा विश्वास मी त्याला मारण्यासाठी कमावतो. तुकडा दोन्हीकडं सारखाच असेल, पण तो देणाऱ्याच्या मनात पुढं काय आहे, त्यावर सगळं ठरतं.

ही गोष्ट इथं संपली असती तर बरं झालं असतं. पण त्या रात्री मला आक्का आठवली.

वडील वारल्यावर सातबाऱ्यावर आम्हा दोघा भावांबरोबर तिचंही नाव लागलं होतं. 2005 च्या कायद्यानं मुलीला वडिलोपार्जित जमिनीत मुलाएवढाच हक्क दिला, हे गावात सगळ्यांना ठाऊक आहे. आणि त्यावरचा तोडगाही ठाऊक आहे : हक्कसोडपत्र. थोरल्यानं मलाच पुढं केलं. "तू बोल, तुझं ती ऐकती." मी आक्काकडं गेलो, चहा घेतला आणि बोललो. ती जरा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "तू म्हनतोस तर करते सही." कचेरीत अंगठ्याचे ठसे, फोटो, सही झाली. परत येताना तिला साडी घेतली. जेवायला घातलं. गावात सगळे म्हणाले, बहीण असावी तर अशी.

बहिणीची तुलना कुत्र्याशी करतो म्हणून कुणी रागावेल. तुलना तिची करत नाही. मागणारा हात दोन्हीकडं माझा होता, त्या हाताचा हिशेब मांडतोय. तिच्या जिवाला तर कसलं विष नव्हतं. सोडण्यात तिचं भलं काहीच नव्हतं, भलं होतं ते आमचं. लहानपणापासून तिनं मला खांद्यावर वागवलं, तिच्या ताटातलं दिलं. त्या विश्वासावर मी सही घेतली. मग ती साडी बोंबील होती की भरडा?

आपण दुसऱ्याला 'सोड' किती सहज म्हणतो. राग सोड, हट्ट सोड, हक्क सोड. सोडणाऱ्याला आपण मोठ्या मनाचा म्हणतो आणि तेवढ्यावर आपलं देणं फिटलं असं धरून चालतो. सोडायला लावणाऱ्याचा हात कुणी उघडून बघत नाही.

परवा आक्काकडं जाऊन आलो. म्हणालो, माझ्या वाटणीतलं विहिरीकडचं रान तुझ्या नावावर बक्षीसपत्रानं करतो. वकिलाशी बोललोय. थोरल्याला सांगितलंय, तो अजून बोलत नाही माझ्याशी.

आक्का भाकरी थापत होती. हात न थांबवता म्हणाली, "इतक्या वर्सांनी कसं रं सुचलं?"

तिला गुंड्याची गोष्ट सांगितली. ऐकून हसली. मग पदरानं डोळे पुसले आणि धुराकडं बघत म्हणाली, "कुत्रं हुशार हाय तुझं."